न दिलेला झोका

प्रिय अक्का,

येत्या शनिवारी मला तुमच्याबद्दल बोलायचं आहे. तुम्हाला जाऊन वर्ष होतंय, म्हणून संस्थेनं खालच्या सभागृहात छोटासा कार्यक्रम ठेवलाय. पहिल्या रांगेत तुमच्या आई, आमच्या अम्मा, असतील. पडद्यावर सगळ्यांना एकच आलेख बघायचाय, मी हॉस्पिटलात तुमच्या हातात आणून दिला होता तो. निमंत्रणावरही त्यांनी तोच छापलाय, तुमच्या फोटोच्या शेजारी.

तो आलेख चुकलेला आहे, अक्का. मुद्दाम खोटा केला असं नाही, पण चुकला तो माझ्यामुळे. हे समजल्यापासून चार दिवस मी कुणाशी धड बोललेलो नाही. ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं त्या तुम्ही, आणि नेमक्या तुम्हीच नाही. मग मी जाऊ कुणाकडे?

म्हणून हे पत्र. तेही मराठीत. तुमच्या घराण्यानं ही भाषा तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या जपली, पण वाचायची म्हटलं की तुम्ही एकेका अक्षरावर बोट ठेवायचात. एवढं पत्र वाचायला तुम्हाला पाऊण तास लागला असता. त्या दिवशी मी तेवढाच वेळ वाचवला होता.

आपली पहिली भेट आठवते? मी बार्शीहून गाड्या बदलत चेन्नईला आलेला, आणि समोर मुलाखतीला तिघं जण. तुम्ही इंग्रजीत विचारलंत की थंड करत गेल्यावर चुंबकाच्या आत काय घडतं. मला येत होतं, पण ऐन वेळी सगळं डोक्यातून गेलं. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो, "च्यायला, येत होतं की." बाकीच्या दोघांना काही कळलं नाही. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "येत होतें तर येऊं दे. घाई नाहीं."

सुती साडी, केसांत वीतभर मोगरा, टेबलावर स्टीलच्या टंबलरमध्ये कॉफी, आणि तोंडात बखरीतलं मराठी. मला क्षणभर वाटलं, प्रवासानं माझं डोकं फिरलंय. बाहेर आल्यावर शिपायानं सांगितलं की या आमच्या अक्का, त्यांना सगळे अक्काच म्हणतात. मीही तेच धरलं.

तेव्हा मी तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे सड्या पोरांच्या लॉजमध्ये, राहायचो. एक खोली, तीन खाटा, एक खिडकी. मेसचं सांबार खाऊन कंटाळलो होतो. तुम्ही शुक्रवारी डबा आणायचात, त्यात हमखास डांगर पच्चडी. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं, वरून मोहरीची फोडणी. मी विचारलं हे काय, तर तुम्ही माझ्याकडे अशा नजरेनं बघितलंत, जणू मी आडनाव खोटं सांगून आलोय. "तुमच्याकडे हें करत नाहींत? मग कसले रे तुम्ही मराठे?" बार्शीच्या माणसाला चेन्नईत बसून मराठेपण शिकवणाऱ्या तुम्ही. मी डबा चाटून पुसून परत करायचो, त्यामुळे वाद घालायला तोंड उरायचं नाही.

आपण काय काम करतो हे मला घरी कधीच सांगता आलं नव्हतं. आई विचारायची आणि मी "चुंबकाचं" म्हणून मोकळा व्हायचो. मग तुम्ही अम्मांना जसं समजावलं होतंत तसंच एकदा आईला फोनवर सांगितलं. पंगतीत तीन जावा बसवायच्या आहेत. प्रत्येकीला दुसरीकडे पाठ करून बसायचंय. दोघींनी एकमेकींकडे पाठ केली, की तिसरीनं करायचं काय? एकीकडे पाठ केली की दुसरीकडे तोंड होतं. टर्बियम या धातूच्या अणूंचं असंच असतं. प्रत्येक अणू हा एक छोटा चुंबक, आणि शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं हा त्याचा हट्ट. सगळ्यांचा हट्ट पुरवणारी मांडणी काही सापडत नाही. थंडी वाढत जाते, हलणं कठीण होतं, आणि शेवटी ज्याची मान जिकडे वळलेली असेल तिकडेच तो गोठतो. सगळे स्थिर, पण शिस्त कसलीच नाही. याला आपण चुंबकी काच म्हणतो. आई म्हणाली, "हे आपल्या वाड्याच्या वाटणीसारखं झालं की." तुम्हाला हे सांगितल्यावर तुम्ही किती हसला होतात.

आणि आपला दाणा तर मुळातच आगाऊ. झिंक, मॅग्नेशियम आणि टर्बियम बंद नळीत वितळवायचे आणि दिवसचे दिवस हळूहळू थंड होऊ द्यायचे. नशीब असेल तर मिरीएवढा दाणा निघतो, भिंगाखाली धरला की पंचकोनी तोंडं चमकतात. नुसत्या पंचकोनी फरशांनी जमीन भरत नाही, कुठे ना कुठे फट राहतेच, हे तुमच्या वेस्ट मांबलमचा फरशीवालासुद्धा सांगेल. पण या दाण्यात अणू नियमानं रचलेले असतात, फक्त एकच नक्षी पुन्हा पुन्हा येत नाही. तो क्वासिक्रिस्टल. तुमचा सगळा जन्म एका प्रश्नात गेला: अणूंच्या जागा इतक्या शिस्तीच्या, तर त्यांची तोंडं अशी बेशिस्त का?

तीस वर्षं तुम्ही दाणे वाढवलेत. टर्बियम, गॅडोलिनियम, होल्मियम. दर वेळी काच. परदेशात दुसऱ्या धातूंच्या अशाच दाण्यांत कुणाला तरी शिस्त सापडली ती बातमी आली, तेव्हा तुम्ही सगळ्यांना जिलेबी वाटलीत. माझ्या हातावर दोन जास्त ठेवल्यात. संध्याकाळी भट्टीजवळ एकट्याच बसला होतात. मी विचारलं काय झालं, तर म्हणालात, "कांहीं नाहीं. त्यांची पंगत बसली. आपला दाणा मात्र ऐकत नाहीं." आणि थोड्या वेळानं, लेकराशी बोलावं तसं, "एकदां तरी नीट बसलेली पाहायची आहे, कण्णा."

ते वाक्य मी फार मनावर घेतलं, अक्का. तिथंच घात झाला.

पंगत बसली की नाही हे ओळखायची रीत तुम्हीच आमच्या हाडात भिनवलीत. दाणा एकदा फील्डशिवाय, म्हणजे बाहेरचं चुंबकी क्षेत्र न लावता, थंड करायचा, मग अगदी बारीक फील्ड लावून तापवत तापवत त्याचं चुंबकत्व मोजायचं. दुसऱ्यांदा फील्ड लावूनच थंड करायचा आणि मोजायचं. काच असेल तर एका ठराविक तापमानाखाली दोन रेषा फाटतात, एक वर राहते, एक खाली जाते. शिस्त असेल तर दोघी सोबत राहतात. मग पुढं न्यूट्रॉनचे वगैरे मोठे प्रयोग करावे लागतात, पण पहिली साक्ष या दोन रेषांची.

पण फील्डशिवाय म्हणजे खरोखर फील्डशिवाय. यंत्रातला मोठा चुंबक एकदा वर चढवला, की नुसता खाली आणून तो शून्य होत नाही. पडद्यावर शून्य दिसतं आणि आत थोडंसं अडकून राहतं. ते घालवायला फील्ड इकडून तिकडे, तिकडून इकडे, दर खेपेला थोडं कमी करत न्यायचं. मूल झोपलं की पाळणा हळूहळू थांबवतात, तसं. याला लागतो पाऊण तास. तुम्ही त्याला झोकाच म्हणायचात. सकाळी दारातून आत येता येता पहिला प्रश्न, "झोका दिलास काय?" वहीत प्रत्येकानं आपल्या हातानं लिहायचं, "झोका दिला." तमिळ मुलंसुद्धा हे दोन शब्द तमिळ लिपीत लिहायची.

आमच्याकडे रस्त्याच्या कडेला पाट्या असतात, अति घाई संकटात नेई, हे मी तुम्हाला एकदा सांगितलं. तुम्हाला ते इतकं आवडलं, की माझ्याकडून कागदावर लिहून घेऊन यंत्राच्या कपाळावर चिकटवलंत. अजून आहे तिथं. माझ्याच अक्षरात.

तो आलेख काढला तो मंगळवार होता. डॉक्टरांनी अम्मांना आदल्या दिवशी सांगितलं होतं की आता दिवस मोजायचे. दुखणं तुम्ही आम्हाला कळूच दिलं नव्हतं. ताकास तूर लागू दिली नाहीत. प्रयोगशाळेत पाच मिनिटं उशीर झाला तर जाब विचारणाऱ्या बाईनं एवढी मोठी गोष्ट पाच महिने लपवून ठेवावी? यावर मी तुमच्याशी भांडणार होतो. सोमवारी भेटायला आलो तेव्हा शब्द जुळवूनच आलो होतो. पण तुम्ही नुसतं विचारलंत, "तो शेवटचा दाणा मोजलास काय?" आणि माझं भांडण घशातच राहिलं.

शेवटचा म्हणजे तुम्ही आजारपणात स्वतः वाढवलेला. सगळ्यात हळू थंड केलेला, सगळ्यात देखणा.

भेटायची वेळ चार ते सहा. मी सकाळी सातलाच प्रयोगशाळेत हजर झालो. वही उघडली, दाण्याचा नंबर लिहिला, वजन लिहिलं, आणि हाताला सवय असल्यामुळे पुढची ओळही लिहून टाकली, "झोका दिला." आम्ही सगळेच तसं करायचो, अक्का. तुम्हाला ठाऊक नव्हतं. पान आधी भरून ठेवायचं आणि मग कामाला लागायचं. तेवढ्यात कॉम्प्रेसरनं बोंब मारली. तो ताळ्यावर आणण्यात सकाळ गेली. आदल्या दिवशी कुणीतरी चुंबक पार सात टेस्लापर्यंत नेऊन ठेवला होता. मी घड्याळ बघितलं. झोका द्यावा, तर सहाच्या आत दोन्ही रेषा हातात घेऊन तुमच्यापर्यंत पोचणं होत नव्हतं.

मी फील्ड सरळ शून्यावर आणलं. पडद्यावर शून्य दिसलं. मनाशी म्हटलं, आज नुसतं दाखवण्यापुरतं, उद्या नीट घेऊ.

आणि दोन्ही रेषा सोबत राहिल्या. सहा केल्व्हिनच्या खाली, जिथं त्या दर वेळी फाटायच्या, तिथं फाटल्याच नाहीत. हातात हात घालून गेल्या. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. त्या क्षणापासून झोका माझ्या डोक्यातून असा गेला, की जणू तो कधी द्यायचाच नव्हता. खरंच गेला होता का? वर्षभरात एकदाही आठवला नाही, असं मी आज शपथेवर सांगू शकत नाही. एवढं मात्र खरं, की दुसऱ्या दिवशी माप परत घ्यायचं मी ठरवलं होतं आणि घेतलं नाही.

गडबडीत आलेख काढला. दोन्ही रेषा एकमेकींवर नीट बसाव्यात म्हणून दोन्हींचं वरचं टोक 'एक' मानलं आणि बाजूच्या अक्षावरचे आकडे उडवून टाकले. रिक्षात तो कागद मी दोन्ही हातांत धरून बसलो होतो, दुमडलासुद्धा नाही.

तुम्ही किती बारीक झाला होतात. अम्मांनी तुम्हाला चष्मा लावून दिला. तुम्ही कागद जवळ घेतलात, मग लांब धरलात.

"एकत्र?"

"एकत्र, अक्का."

"फाटल्या नाहींत?"

"नाही."

तुम्ही कागदावरून तळहात फिरवलात. अम्मांकडे वळून म्हणालात, "आई, बसली." आणि मग मला, रोजच्यासारखंच, "जेवलास काय?"

बस्स. बाकी काही विचारलं नाहीत. तेच मला आता सोडत नाही. अक्षावर आकडे नसलेला आलेख तुम्ही कधी हातात घेतला होतात का? दारातूनच परत पाठवायचात. आकडे नसलेल्या जागी पेन्सिलीनं गोल करायचात, डावीकडे जरा उघडा राहिलेला, आणि कागद न बोलता माझ्यापुढे सरकवायचात. माझ्या प्रबंधात असे किती गोल होते, तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही त्या रिकाम्या जागेकडे बघितलंत, मी बघत होतो तुमच्याकडे. तुमची नजर तिथं थांबली, किंवा मला तसं वाटलं. मग तुम्ही कागद उशीखाली ठेवलात.

तुम्हाला दिसलं होतं का? दिसलं असेल तर गप्प का राहिलात? आयुष्यभर आमची हजेरी घेतलीत आणि त्याच दिवशी दया आली? आणि दिसलं नसेल, तर मी तुम्हाला एक चुकीची गोष्ट देऊन पाठवलं, अक्का. तुम्ही ती घेऊन गेलात.

नवव्या दिवशी तुम्ही गेलात.

त्यानंतर तो आलेख माझा राहिलाच नाही. कुणीतरी तो मोठा करून फोटोखाली लावला. नवीन मुलं येता जाता बघायची. लेख कधी लिहितोस म्हणून मला सगळे विचारायचे आणि मी म्हणायचो, लिहितो, घाई नाही. तुमचंच वाक्य वापरत होतो.

चार दिवसांपूर्वी भाषणाची तयारी करायला बसलो. पडद्यावर तो आलेख घेतला, आणि तुमच्या फोटोसमोर न्यायचाच आहे तर निदान अक्षावर आकडे तरी घालू, म्हणून मूळ फाइल उघडली. खोलीच्या तापमानाजवळचा आकडा बघितला. एवढ्या बारीक फील्डला टर्बियमनं जितकं चुंबकत्व दाखवायला हवं, त्याच्या तिपटीहून जास्त होतं. तिप्पट कशानं येईल? मी लावलेल्या फील्डखेरीज आत दुसरं फील्ड बसलेलं असेल तरच. म्हणजे दाणा फील्डशिवाय थंड झालाच नव्हता. मी दोन्ही वेळा एकच गोष्ट मोजली होती, मग दोन रेषा फाटणार कशाला? फाइलच्या कोपऱ्यात यंत्रानं आपली नोंद इमानानं ठेवली होती. फील्ड सरळ शून्यावर. झोका नाही.

वही काढली. त्या तारखेला माझ्या स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलंय, "झोका दिला."

सगळं सांगतोय म्हणून हेही सांगतो. पहिला विचार मनात आला तो गप्प बसायचा. ती जुनी फाइल उघडून कोण बघणार आहे? वही माझ्या बाजूनं साक्ष द्यायला तयार आहे. शनिवारी आलेख दाखवावा, सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, अम्मांनी डोळे पुसावेत, आणि मग हळूहळू तो विषय मागं पडू द्यावा. तुमची पंगत बसलेली राहू द्यावी. यात नुकसान कुणाचं? हा प्रश्न मी स्वतःला दोन दिवस विचारला. उत्तर मला येत होतं, मुलाखतीत येत होतं तसंच.

मग दाणा पुन्हा यंत्रात ठेवला. या वेळी झोका दिला. खुर्ची ओढून समोर बसलो आणि पाऊण तास फील्ड इकडून तिकडे जाताना बघितलं. शंका उरली नव्हती, पण आशा होती. चूक झाली असली तरी दाणा चांगला निघेल, रेषा तरीही सोबत राहतील, असं मी मनात घोकत होतो. देवाला नवस करावा तसं. सहा केल्व्हिनच्या जरा खाली त्या फाटल्या. मी तीनदा घेतलं. तीनही वेळा तिथंच.

काच आहे, अक्का. तुमचा सगळ्यात देखणा दाणासुद्धा काचच आहे.

काल अम्मांकडे गेलो. मांबलम स्टेशनपासून चालत, वाटेत दोनदा परत फिरलो. अम्मा आता जवळजवळ खुर्चीतच असतात. त्यांनी विचारलं, शनिवारी काय बोलणार. मी खाली बसलो आणि त्यांना समजेल तसं सांगितलं. "अम्मा, पंगत बसली नव्हती. मी घाई केली होती. चुकीचं दाखवलं."

त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला. मला वाटलं, कळलं नसावं. मग म्हणाल्या, "तिला बसली म्हणून सांगितलास."

"हो."

"आतां तिला कसें सांगशील?"

अम्मांनी वाट बघितली, तुमच्यासारखीच. मग म्हणाल्या, "कापी घे. थंड होते."

मी कॉफी बाजूला ठेवली. मी विचारलं, त्या दिवशीचा कागद आहे का. त्यांनी पोथीतून काढून दिला. मी तो खिडकीपाशी नेला, उलटा केला, उजेडात धरला. अक्षाजवळची जागा नखानं चाचपून बघितली. काही नव्हतं. गोल नाही, ठिपका नाही, खोडलेल्याची खूण नाही. तुमच्या हातात येऊन कोरा परत आलेला हा माझा एकमेव कागद.

"काय शोधतोस?" अम्मांनी विचारलं.

"त्यांनी काही लिहिलंय का बघत होतो."

"पेन्सिल धरायची शक्ति नव्हती रे तिला."

"मी गेल्यावर काही म्हणाल्या?"

अम्मा आठवायला लागल्या. "मी विचारलें, खरेंच बसली काय गे? हांसली. मग म्हणाली, उशी जरा उंच कर."

यातून मी काय घेऊ, अक्का? कालपासून हेच एक वाक्य डोक्यात फिरवतोय. हसलात म्हणजे खुशीनं हसलात, की माझी लबाडी ओळखून? की नुसतं आईसाठी? काच थंड करताना आपण मध्येच थांबलो तर ते ती लक्षात ठेवते, किती वेळ थांबलो, कुठल्या तापमानाला थांबलो, वर्षानंतर विचारलं तरी निदान सिद्धांतात तरी सांगेल, असं तुम्ही शिकवायचात. माणूस गेल्यावर कुणाला विचारायचं, ते कधी शिकवलं नाहीत.

निघताना अम्मांनी हाक मारली. "शनिवारीं येईन मी. जें आहे तें दाखव. पण ती चुकली म्हणूं नको. चुकलास तूं."

"हो, अम्मा."

"कागद घेऊन जा. मला नको आतां."

ते "नको" अजून ऐकू येतंय. मी त्यांच्याकडून काय काढून घेतलं, ते मला जिना उतरताना समजलं. वर्षभर त्या रोज पोथी उघडताना तो कागद बघत होत्या.

आता तो माझ्या टेबलावर आहे. शेजारी तुमच्या खणातली अर्धी झालेली पिवळी पेन्सिल. तुमचा राहिलेला गोल मी घातला, अक्षाच्या डाव्या अंगाला, आकडे नाहीत तिथं. तुमचा डावीकडे उघडा राहायचा. माझा पूर्ण बंद झालाय, कितीही प्रयत्न केला तरी तुमच्यासारखा येत नाही. वहीतली ती ओळ खोडली नाही, तुम्ही खोडू द्यायचा नाहीत. तिच्यापुढे आजची तारीख घालून लिहिलं, "दिला नव्हता," आणि सही केली.

अक्का, शनिवारी मी जुना आणि नवा, दोन्ही आलेख दाखवीन, आकड्यांसकट. दाणा तुमचा होता आणि निर्दोष होता, घाई माझी होती, हे अम्मांसमोर सांगीन. पंगत बसली नाही, हे तुमच्या फोटोकडे बघून सांगता येईल की नाही ते मात्र माहीत नाही. नाही जमलं तर खाली बघून सांगीन, पण सांगीन. आणि यापुढे या वहीत ती ओळ कुणीच आधी लिहिणार नाही, मी तर नाहीच. आज सकाळी पुढच्या दाण्याला झोका दिला. संपेपर्यंत पेनाचं टोपण काढलं नाही. मग लिहिलं.

तुमचा,
विनायक